कमलताईंची साडेसातची परीक्षा

कमलताई गेल्याची बातमी आमच्या इमारतीत सगळ्यांत शेवटी मला कळली, आणि मी घरातच होते. त्या बाथरूममध्ये पडल्या होत्या आणि मी हॉलमध्ये माझ्या खुर्चीत बसून पेपर वाचत होते. मधे अंतर पंधरा पावलांचं. हे मी नंतर मोजलं, एकदा नाही, बरेचदा. कामाला येणारी शोभा नऊ वाजता आली, तिने बेल वाजवली, पुन्हा वाजवली. बेल मला ऐकू आली नाही, दार नेहमी कमलताईच उघडायच्या. शेवटी शेजाऱ्यांकडे ठेवलेली किल्ली घेऊन ती आत आली, पॅसेजमध्ये बाथरूमच्या दाराखालून पाणी येताना तिने पाहिलं, दार ढकललं आणि किंचाळली. ती किंचाळी खालच्या वॉचमनने ऐकली. चार माणसं धावत आली, माझ्या पाठीमागून आत गेली, आणि मी पेपरचं पान उलटलं. मग शोभा समोर येऊन उभी राहिली आणि तिने माझा खांदा धरून हलवला. तिचे ओठ हलताना दिसले. पायांत चपला तशाच होत्या. घरात चपला घालून ही आली कशी, असा राग मला आधी आला आणि ती काय सांगते आहे ते मागाहून समजलं. त्याला आता सहा आठवडे होऊन गेले. तेवढा एक क्षणाचा राग मात्र अजून आठवतो आणि माझी मला लाज वाटते.

कमलताई म्हणजे माझ्या यजमानांची धाकटी बहीण, माझी नणंद. मी पुण्याच्या पेठेत वाढलेली, शिकलेली, लग्न होऊन खराडीत आले तेव्हा खराडी हे खेडं होतं आणि कमलताई सोळा वर्षांच्या होत्या. पुढे त्यांचं लग्न झालं, शिरूरकडे दिलं होतं. दोन वर्षांत त्या परत आल्या. का आल्या ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि विचारायची घरात कुणाची छाती झाली नाही. मी त्या दिवशी मनात म्हटलं होतं, आता ही जन्मभर इथेच. तोंडाने मी काही बोलले नव्हते, पण कमलताईंना ते कळलं होतं. त्यांना सगळंच कळायचं. महिन्याभरात त्यांनी हडपसरला रेडिओच्या कारखान्यात नोकरी धरली. सायकलवरून जायच्या. डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या तारा जोडायचं काम, ते त्यांनी कारखाना बंद पडेपर्यंत केलं. मी शाळेत गणित शिकवायचे. एका घरात राहून आम्ही दोघी कितीतरी वर्षं एकमेकींशी अतिशय सभ्यपणे वागलो... 'कमलताई, चहा घेता ना?', 'वहिनी, तुमी घ्या आधी.' भांडण म्हणून कधी झालं नाही. भांडण्याइतकी जवळीकच नव्हती. पुढे शेत गेलं, शेताच्या जागी इमारत आली, तिच्या चौथ्या मजल्यावर आम्ही राहायला आलो, माझे यजमान गेले, आणि मुलगा-सून सकाळी आठच्या आत ऑफिसला निघून गेले की त्या मोठ्या घरात आम्ही दोघीच उरायचो.

शाळेत माझी ख्याती अशी होती की, मागच्या बाकावरची कुजबुज बाईंना फळ्याकडे तोंड असताना ऐकू येते. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत कुजबुज बंद झाली. मला वाटलं, मुलं सुधारली! डावा कान आधी गेला, मग उजवाही निघाला, आणि माझ्या हे लक्षात यायच्या आधी कमलताईंच्या आलं. कुकरच्या पाच शिट्ट्या होऊन गेल्या आणि मी शेजारी उभी राहून कोथिंबीर निवडत होते, तेव्हा त्यांनी मुकाट्याने येऊन गॅस बंद केला. त्यानंतर पाहुणे आले की त्या माझ्या शेजारी बसू लागल्या आणि कुणी विनोद केला की माझ्या गुडघ्याला हळूच बोट लावू लागल्या. बोट लागलं की मी हसायचं. वर्षभर मी नणंदेच्या बोटावर हसत होते. मग एकदा त्या समोर बसून, ओठ नीट दिसतील अशा बेताने म्हणाल्या, "वहिनी, आता मशीन घ्या. माझं बोट दुखाया लागलं." मी चिडले आणि तासाभराने नितीनला, माझ्या मुलाला, डॉक्टरांची वेळ घ्यायला सांगितली.

मशीन आलं. डाव्या कानात काही राहिलंच नव्हतं म्हणून एकट्या उजव्याला. कानामागे बसणारा तुकडा आणि तिथून कानात जाणारी बारीक तार, टोकाला वाटाण्याएवढं रबर. पहिल्याच दिवशी पंख्याचा आवाज ऐकून मी दचकले होते. महिन्याभराने दिवाळी आली. नरकचतुर्दशीला अभ्यंग, आणि अभ्यंग म्हटलं की खराडीच्या आमच्या घरात डोक्यापासून टाचेपर्यंत तेल, शेवटी कोमट तेलाचे दोन-दोन थेंब कानात. कमलताईंनी ते सासूबाईंच्या हाताने लहानपणापासून घेतलेले. त्यांनी मोठ्या मायेने माझ्या कानात तेल घातलं, वर कानाची पाळी चोळली. मी न्हाऊन आले, मशीन घातलं आणि फराळाला बसले. नितीनच्या सासरची माणसं आली तोवर मशीन ठार बंद! पाडव्यानंतर आम्ही दोघी ते घेऊन मशीनवाल्या मॅडमकडे गेलो. मॅडमनी भिंगाखाली धरून दाखवलं. टोकावर तीळभर जाळी असते, कानातला मळ आत जाऊ नये म्हणून. त्या जाळीत तेल आणि मळ मिळून लोण्यासारखं काहीतरी भरलं होतं. "हे कुणी केलं?" मॅडम म्हणाल्या. "म्या," कमलताई म्हणाल्या, आणि त्यांची मान खाली गेली. कमलताईंची मान खाली गेलेली मी तेवढी एकदाच पाहिली. मग त्यांनी पिशवीतून स्वतःचं कारखान्यातलं भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि म्हणाल्या, "दावा मला. एकदाच दावा."

मॅडमनी एकदाच दाखवलं आणि ते त्यांना जन्माचं पाठ झालं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी साडेसातला, चहाचे कप विसळून झाले की, टेबलावर पेपर अंथरायचा, पेपरवर पांढरा रुमाल. रुमाल का, तर जाळी एवढी बारीक की खाली पडली तर केरात जायची. मशीन रात्रभर ओल शोषणाऱ्या गोळ्यांच्या डबीत ठेवायचं, सेलचं झाकण उघडं टाकून. रात्री ब्रश मारायचा नाही, मळ ओला असतो, पसरतो. सकाळी तो वाळलेला असतो, मग झडतो. ब्रश मारताना तोंड जमिनीकडे धरायचं, म्हणजे घाण बाहेर पडते, आत जात नाही. पाणी नको, स्पिरिट नको, फुंकर तर मुळीच नको, फुंकरीत थुंकी असते. जाळी बदलायची ती दोन टोकांच्या काडीने. एका टोकाने जुनी ओढून काढायची, काडी फिरवायची, दुसऱ्या टोकाने नवी बसवायची. हे सगळं त्या बोलत बोलत करायच्या, शिकाऊ मुलींना शिकवावं तसं, आणि त्या वेळी माझ्या कानात मशीन नसल्यामुळे त्यातला एक शब्द मला ऐकू यायचा नाही. ओठ मात्र रोज तेच हलायचे, त्यामुळे मला तोंडपाठ झालं.

माझी एक खोड होती. बांगडीत सेफ्टीपिना अडकवून ठेवायची आणि विचार करताना त्यातली एक काढून कान कोरायची. शाळेत स्टाफरूममध्ये आम्ही सगळ्याच बायका हे करायचो. कमलताईंनी मॅडमकडून आल्या दिवशीच माझा हात धरून बांगड्यांतल्या पिना एकेक काढून घेतल्या. "पिन कानात न्हाई आन् मशिनीत तर न्हाईच न्हाई," त्या म्हणाल्या. "मळ आत जाऊन बसतो. कान दर तीन म्हैन्यांनी डाक्टरकडं." कॅलेंडरवर त्या तारखेला लाल पेन्सिलने कानाचं चित्र काढायच्या. ते चित्र कानापेक्षा काजूसारखं दिसायचं, आणि आमच्या सूनबाईंना बरेच दिवस वाटत होतं की घरातले काजू संपल्याची ती खूण आहे.

मशीन पुसून झालं की त्या ते स्वतःच माझ्या कानात बसवायच्या. त्यांचा हात कानाजवळ आला की मशीन बारीक शीळ घालायचं. हात लांब गेला की गप्प. मग परीक्षा. त्या पॅसेजमधून चालत बाथरूमच्या दारापर्यंत जायच्या, माझ्याकडे पाठ करायच्या, म्हणजे मला ओठ वाचता येऊ नयेत, आणि साध्या आवाजात एखादं वाक्य बोलायच्या. मी खुर्चीत बसून उत्तर द्यायचं.

"वहिनीच्या पोह्यात आज मीठ नव्हतं."

"होतं. तुमची जीभ गेली."

"पास," म्हणायच्या आणि मागे वळायच्या. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या परीक्षा घेतल्या, म्हातारपणी रोज सकाळी पास व्हायला लागले, आणि मला ते आवडायचं. त्या पाठमोऱ्या वाक्यांत कमलताई जे काही बोलल्या ते तोंडावर कधीच बोलल्या नसत्या. "मी परत आले तवा वहिनीला आवडलं नव्हतं," असंही एकदा म्हणाल्या. मी बराच वेळ गप्प बसले. त्यांना वाटलं मशीन बिघडलं. मग मी म्हटलं, "खरं आहे. चुकलं माझं." त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "पास." ...आमच्या दोघींची मैत्री झाली ती अशी, वयाच्या सत्तरीत, बाथरूमच्या दारापासून खुर्चीपर्यंत. एक वाद तेवढा कायम राहिला. बाथरूमचा नळ ठिबकतो आणि मला इथवर ऐकू येतो, असं त्या म्हणायच्या. मी म्हणायचे, मला तर मशीन घालूनही येत नाही, तुमचेच कान वाजताहेत. "जाळी नवी बसवली की त्या दिवशी नीट ऐका," त्या म्हणायच्या, "येतोय आवाज." मी कधी नीट ऐकलं नाही. आपण जिंकलेला वाद पुन्हा कोण तपासून बघतं?

आता ते सांगायचं, ज्यासाठी मी हे लिहायला बसले. आमच्या शाळेच्या जुन्या शिक्षकांचं एक स्नेहसंमेलन होतं. मी एकटी कुठे जात नाही, कमलताई बरोबर होत्या. जेवणाच्या वेळी माझे काही विद्यार्थी भोवती जमले, आता त्यांचेही केस पिकलेले. त्यांच्यातल्या कुणीतरी काही विचारलं, मला ते नीट ऐकू आलं नाही, मी नुसतीच हसून मान डोलावली आणि ती नेमकी नको तिथे डोलावली असावी, कारण सगळे हसले. कमलताई लांबून ताडकन उठल्या. काही न विचारता त्यांनी माझ्या कानातून मशीन काढलं, उजेडाकडे धरलं, "मळ अडकलाय," असं सगळ्यांदेखत म्हणाल्या आणि पिशवीतून ब्रश काढून तिथेच झाडायला लागल्या. त्यांचे ओठ मी वाचले, इतरांनी शब्द ऐकले. मी तीस वर्षं ज्यांच्यासमोर खडू हातात घेऊन उभी राहिले, त्यांच्यासमोर माझ्या कानातला मळ रुमालावर पडत होता.

रिक्षात बसल्यावर मी म्हटलं, "चारचौघांत हे करायची काय गरज होती?"

"त्ये तुमाला हसत व्हते, वहिनी. मला बघवंना."

"उद्यापासून माझं मी बघीन," मी म्हटलं. आणि तेवढ्यावर थांबले नाही. आम्हा शहरातल्या बायकांना थांबता येत नाही, आणि कुठे टोचलं की लागेल हे आम्हाला बरोबर माहीत असतं. मी म्हटलं, "तुमचा कारखाना बंद झालाय, कमलताई."

घरी आल्यावर त्यांनी ब्रश, काड्या, गोळ्यांची डबी आणि पांढरा रुमाल घडी करून माझ्या टेबलावर आणून ठेवला. त्यानंतर दोन दिवस साडेसातला मी पेपर अंथरून बसायचे आणि त्या समोर सोफ्यावर बसून दोडके सोलायच्या. माझे हात त्यांच्यासारखे नव्हते. कधी ब्रश उलटा धरायचे, तोंड वर करून. त्यांना ते दिसत असणार. त्या बघायच्या, पुन्हा दोडक्याकडे बघायच्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मशीनमधून आवाज अगदी खोल विहिरीतून यावा तसा यायला लागला. जाळी बदलायला हवी होती. काडीचं कुठलं टोक आधी लावायचं ते मला माहीत होतं, रोज ओठांवर वाचलेलं होतं, पण त्या बघत होत्या, आणि जाळी पडली असती तर मला वाकून शोधता आली नसती, त्यांनाच हाक मारावी लागली असती. त्या स्वयंपाकघरात गेल्या तेवढ्यात मी पदराला लावलेली पिन काढली आणि जाळीतला मळ कोरायला गेले. जाळी टचकन आत गेली. मी मशीन कानात घातलं. काही नाही. पंखा नाही, रस्ता नाही, काही नाही.

कमलताई बाहेर आल्या, खांद्यावर टॉवेल, अंघोळीला निघालेल्या. नितीन आणि सूनबाई तोवर ऑफिसला गेलेले. त्यांनी थांबून हाताने खूण केली, येतंय का? तीन दिवसांत त्यांनी पहिल्यांदाच विचारलं होतं. एक शब्द टाकायचा होता... 'बिघडलं हो' एवढाच. त्या टॉवेल टाकून टेबलाशी बसल्या असत्या, भिंग काढलं असतं, बोलत बोलत मला शिव्या घातल्या असत्या. मी म्हटलं, "येतंय. अगदी स्पष्ट."

त्यांनी मान हलवली. पॅसेजमधून चालत बाथरूमच्या दाराशी गेल्या. तिथे त्या थांबल्या, माझ्याकडे पाठ करून. नेहमी उभ्या राहायच्या तशाच. मला कळलं, परीक्षा चालू आहे. त्या काहीतरी बोलल्या, निदान तेवढा वेळ थांबल्या. मी अंदाजाने म्हटलं, "हो." त्या वळल्या. माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, हसूनही नाही, नुसतं पाहिलं. 'पास' म्हटल्यासारखे ओठ हलले नाहीत. मग त्या आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. त्यानंतर एक तासभर मी पेपर वाचत होते. त्या अंघोळ उरकून रोजच्यासारख्या शंकराच्या देवळात गेल्या असतील असं मी धरून चालले, कारण खात्री करायची तर उठून बोलावं लागलं असतं.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, त्या क्षणात गेल्या असतील. मशीन बंद होतं म्हणून नितीन मला हे कागदावर लिहून दाखवत होता, 'आई, हाक मारायला वेळच मिळाला नसणार.' मी तो कागद जपून ठेवला आहे. पण बाथरूममध्ये स्टीलचा तांब्या दाराशी पडलेला होता आणि त्याच्या काठाला पोचा होता. तो पोचा आधीचा की त्या दिवशीचा? घरातल्या सगळ्या भांड्यांना पोचे आहेत, ते कधी कुणी लक्षात ठेवलेत? शोभाला विचारलं, ती म्हणते पहिल्यापासूनच होता. सूनबाई म्हणते आठवत नाही. दोघीही माझ्या तोंडाकडे बघून उत्तरं देतात. पडल्यावर त्यांनी तांब्या दारावर आपटला असेल, मला बोलावायला, आणि मी पान उलटलं असेल. हा एक विचार. आणि दुसरा त्याहून वाईट. त्यांना तर कळलं होतं. दारात पाठ करून त्या जे काही बोलल्या त्याला मी 'हो' म्हटलं आणि त्यांना कळलं की मशीन बंद आहे आणि मी खोटं बोलते आहे. म्हणजे पडल्यावर त्यांना ठाऊक होतं की हाक मारून उपयोग नाही. त्यांनी मारलीच नसेल. तिथे ओल्या फरशीवर पडून त्या गप्प राहिल्या असतील... हे दोन विचार मी आलटून पालटून करते. एकाचा ताप असह्य झाला की दुसरा घेते.

नितीनने मशीन मॅडमकडून दुरुस्त करून आणलं. "पिन घातली होती का?" असं त्यांनी विचारल्याचं त्याने मला सांगितलं, त्याने "नाही" म्हणून सांगितलं होतं. भेटायला लोक यायचे म्हणून मी ते घालू लागले, पण साफ केलं नाही. कॅलेंडरवरचा लाल काजू येऊन गेला, डॉक्टरकडे गेले नाही. पेपर, रुमाल, काड्या, सगळं टेबलावर तसंच. मग दोनेक आठवड्यांनी सकाळी, चहा झाल्यावर, मी खुर्चीत बसले असताना मशीनने शीळ घातली. कुणी जवळ नव्हतं. माझे हात मांडीवर होते. शीळ थांबली आणि पुन्हा आली, अगदी बारीक, कुणी कानाशी हात आणावा आणि बाजूला न्यावा तशी. मी मान वळवली नाही. श्वाससुद्धा जपून घेतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मी साडेसातच्या आधीच जाऊन बसले.

मला कारण माहीत होतं. मी गणिताची शिक्षिका आहे, माझा भुताखेतांवर विश्वास नाही, आणि कमलताईंच्या ओठांवर हेही मी शंभरदा वाचलं होतं, 'कानात मळ साठला की आवाज माघारी फिरतो आन् मशीन शीळ घालतं.' तो मळ होता. माझ्या कानात दिवसेंदिवस साठत चाललेला मळ. पण मला तो हवा होता. शीळ वाढत गेली आणि बाकीचे आवाज बुजत गेले. सून समोर येऊन म्हणायची, "आई, प्लीज डॉक्टरकडे जाऊ या ना, तुम्हाला काहीच ऐकू येत नाहीये." मी मान डोलवायचे. जगातले सगळे आवाज गेले तरी चालतील, रोज साडेसातला तो हात कानाशी यावा, एवढंच मला वाटत होतं. त्या रागावून आल्या असतील तरी चालेल. मी त्यांच्याशी बोलायचे सुद्धा. काय म्हणालात दारात, ते पुन्हा सांगा, असं विचारायचे. शीळ वाजायची, बस.

हे किती दिवस चाललं असतं कुणास ठाऊक. गेल्या आठवड्यात शोभा फरशी पुसता पुसता समोर आली आणि ओठ नीट दिसतील अशा बेताने म्हणाली, "आजी, बाथरूमचा नळ लई गळतोय. आवाज हितवर येतोय." तिच्या हातात फडकं होतं आणि ती माझ्या खुर्चीजवळच उभी होती. मी तिला म्हटलं, इथवर? ती म्हणाली, "तर वो. कमलआजी रोज सांगायच्या की." एक गोष्ट तपासून बघता येण्यासारखी होती. ती मी तपासत नव्हते, कारण मला उत्तराची भीती वाटत होती. दुसऱ्या दिवशी मी सुनेबरोबर डॉक्टरकडे गेले आणि कान साफ करून आले. डॉक्टरांनी ट्रेमध्ये पडलेलं दाखवलं. ते एवढंसं तपकिरी काहीतरी, आणि मी दोन-तीन आठवडे त्याच्याशी बोलत होते.

आणि मग परवा सकाळी साडेसातला पेपर अंथरला. रुमाल घातला. कमलताईंचं भिंग डोळ्याला लावलं, ते माझ्या चष्म्यावर नीट बसत नाही, हाताने धरावं लागतं. तोंड जमिनीकडे करून ब्रश मारला. काडीचं रिकामं टोक लावून जुनी जाळी ओढली, काडी फिरवली, नवी बसवली. दोनदा रुमालावर पडली, तिसऱ्यांदा बसली. कानात घातलं. हात कानाशी होता तोवर शीळ वाजली, माझाच हात. हात खाली घेतला आणि शीळ थांबली. पुन्हा आली नाही. मी थांबून पाहिलं, ती आली नाही. घरात कुणी नव्हतं. मी पंखा बंद केला, खुर्चीत बसले आणि पॅसेजकडे तोंड केलं.

थेंब पडला. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा. बाथरूमचं दार लोटलेलं होतं, तरी बादलीतल्या पाण्यात पडणारा एकेक थेंब पंधरा पावलांवरून मला मोजता येत होता. त्या खरं सांगत होत्या, इतकी वर्षं. थेंब ऐकू येतो, म्हणजे त्या दिवशी मशीन चालू असतं तर तांब्याही ऐकू आला असता. हाक तर आलीच असती, कितीही क्षीण असती तरी. ते मला आता माहीत आहे आणि आता ते माहीत नसल्यासारखं करता येणार नाही. मी रडले, आणि माझं रडणंही मला नीट ऐकू आलं.

नितीन म्हणतो, आई, प्लंबरला आजच बोलावतो. मी त्याला नको म्हटलंय. रोज सकाळी मी मशीन साफ करते आणि खुर्चीत बसून पॅसेजच्या टोकाला, त्या पाठ करून उभ्या राहायच्या तिथे बघते. थेंब पडतो.

"येतंय, कमलताई," मी मोठ्याने म्हणते. "अगदी स्पष्ट." आता हे खरं असतं.